सहा तासांचे घड्याळ कोण सुरू करणार?

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नेटवर्कची सदोष विभागणी हे कारण सरकारने संसदेत दिले. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. पण ती लक्षात येणार कशी?

फायरवॉलने असाधारण वाहतूक ओळखायची, तर आधी त्या संस्थेची साधारण वाहतूक मोजून मर्यादा ठरवावी लागते. ती फार खाली ठेवली, तर बाह्यरुग्ण विभागातील सकाळची गर्दीही हल्ला ठरते. फार वर ठेवली, तर हल्लेखोर निसटतो. माझ्या मते, ही मर्यादा ठरवणारा व वेळोवेळी तपासणारा जबाबदार अधिकारी प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात नेमल्याखेरीज सहा तासांचा नियम कागदावरच राहील.