मृतांचे मौन आणि साक्षीदारांची भाषा

प्रेते उठून चालू लागतात, जिवंतांना चावतात आणि त्यांनाही आपल्यासारखे करून सोडतात, एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली कादंबरी भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने गंभीरपणे वाचावी काय? मॅक्स ब्रुक्स या अमेरिकन लेखकाच्या ‘वर्ल्ड वॉर झेड’पुरते (२००६) बोलायचे तर वाचावी, असे आम्हांस वाटते. झॉम्बींविरुद्धचे युद्ध संपल्यावर एक संकलक देशोदेशी हिंडून जिवंत राहिलेल्यांच्या मुलाखती घेतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातून गाळल्या गेलेल्या या साक्षी म्हणजेच ही कादंबरी. आपल्या वेताळपंचविशीतील प्रेत विक्रमाच्या खांद्यावरून न्यायाचे प्रश्न विचारते. येथील प्रेते केवळ कण्हतात. बोलण्याचे सारे ओझे जिवंतांवर येऊन पडते.

दक्षिण आफ्रिकेतील रेडेकर योजनेचा भाग आम्हांस सर्वांत प्रभावी वाटला. काहींना सुरक्षित ठेवायचे आणि उरलेल्यांना आमिष म्हणून मागे सोडायचे, ही ती योजना. वर्णद्वेषी राजवटीने गोऱ्या अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी आखलेल्या आराखड्यातून ती निघते, आणि पुढे इतर देशही तिचे अनुकरण करतात. प्रेतांपेक्षा हा हिशेबच अधिक थंडगार आहे.

मन अडते ते अलंग येथे. गुजरातमधील या जहाजे मोडण्याच्या किनाऱ्यावर समुद्रमार्गे सुटू पाहणारी गर्दी लोटते. भंगारात निघालेल्या जहाजांवर माणसांनी जिवाची आशा टांगावी, यातील विदारकता लेखकाने अचूक हेरली आहे. पण ती सांगणारा अजय शहा बोलतो कसा? चीनमधील डॉक्टर, जपानमधील अंध माळी आणि हा शहा, तिघांच्याही वाक्यांना जवळजवळ एकच अमेरिकन लय आहे. अलंगला राबणारे मजूर बहुतांशी ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले. त्यांची ओडिया वा भोजपुरी तर राहोच, शहाची गुजरातीही कोठे कानी पडत नाही. मुलाखत कोणत्या भाषेत झाली, दुभाषा कोण होता, भाषांतरात काय गळले, या प्रश्नांचा भार संकलकाला जाणवत नाही. निव्वळ भयकथेत ही उणीव खपून गेली असती. मौखिक इतिहासाचे रूप धारण करणाऱ्या ग्रंथात ती मुळावरच येते.

मराठीत ही कादंबरी कोणी आणू पाहील तर त्याने अलंगच्या प्रकरणात तरी मूळ इंग्रजीशी फार इमान राखू नये. शहाच्या तोंडी गुजराती वळणाचीच मराठी घालावी.