खरा दरोडेखोर कोण?

सरहद्दीवरचा चोरटा व्यापारी म्हणजे पापी आणि त्याला पकडणारी राजसत्ता म्हणजे न्यायाची रखवालदार, असे आपण सहज मानतो. आम्हांला हे मान्य नाही. दक्षिण अमेरिकेतील प्लाता नदीचा इतिहास पाहावा.

नदीच्या एका तीरावर स्पेनचे ब्युनोस आयरेस. समोरच्या तीरावर पोर्तुगिजांनी १६८० साली कोलोनिया हे ठाणे वसविले. त्याला पवित्र साक्रामेंताचे नाव दिले, पण ते चोरट्या व्यापाराचे माहेरघर बनले. कारण उघड होते. स्पेनच्या राजाला आपली मक्तेदारी प्रिय. त्यामुळे युरोपचा माल रीतसर यायचा तो पनामा आणि लिमामार्गे, अर्धे खंड ओलांडून. साहजिकच पोतोसीची चांदी आणि गुरांची कातडी गुपचूप नदीपार जाऊ लागली. कापड आणि, दुर्दैवाने, आफ्रिकी गुलामही येऊ लागले. हाकिमांचे हात ओले होत. दरोडेखोर ठरले मात्र परवान्याविना गुरे मारणारे माळरानावरचे घोडेस्वार!

चोरीला आम्ही पुण्य म्हणत नाही. माणसांच्या विक्रीला तर क्षमाच नाही. पण मोठा दरोडा पुढेच आहे. १७५० च्या माद्रिद तहाने पोर्तुगालने कोलोनिया स्पेनला देऊ केले. मोबदल्यात स्पेनने उरुग्वे नदीपूर्वेची सात ख्रिस्ती गावे देऊ केली. सुमारे ३० हजार ग्वारानींनी घरे, शेते, चर्चे सोडून निघून जावे असे ठरले. १६८० साली याच लोकांच्या फौजेने स्पेनसाठी कोलोनिया जिंकले होते! त्यांना कोणी विचारले नाही. येशूसंघाच्या रोममधील वरिष्ठांनीही आज्ञापालनच फर्मावले. ही खंत आपण ख्रिस्तसभेने लपवू नये. ग्वारानींनी शस्त्र उचलले. १० फेब्रुवारी १७५६ रोजी कायबोआते येथे दोन्ही साम्राज्यांच्या संयुक्त सैन्याने सुमारे १५०० जणांची कत्तल केली. १७६१ साली तो तहच रद्द झाला. मेलेले मात्र परतले नाहीत.

ज्या पोर्तुगीज सत्तेचा ध्वज १७३९ पर्यंत वसईच्या किल्ल्यावर होता, तीच ही सत्ता. ती ख्रिस्ती म्हणवत होती, म्हणून तिची लूट आम्ही पवित्र मानावी काय? चोरट्यांनी कर बुडविला. राजांनी गावे बुडविली. नाबोथाचा द्राक्षमळाही राजमुद्रा उमटवलेल्या पत्रांनीच लुटला गेला होता. मुद्रा पाहून पाप झाकू नये, एवढेच आमचे मागणे.