‘जरा’चे गणित

‘मला वेळच मिळत नाही’ ही तक्रार हल्ली इतकी सार्वत्रिक झाली आहे की, ती न करणारा माणूस रिकामटेकडा समजला जातो. विद्यार्थी ती करतात, प्राध्यापक करतात आणि ज्यांना दिवसभर काही उद्योग नसतो तेही करतात. तिच्यावर उपाय सांगणारे तर पावलोपावली भेटतात. पहाटे उठा, वेळापत्रक करा, मोबाइल दूर ठेवा, गप्पांना आळा घाला! उपदेश खोटा नाही. कँटीनमध्ये एका कपावर दोन तास काढणाऱ्यांना त्याची गरज आहेच. पण हा उपदेश करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. दिवसाचे चोवीस तास ज्याचे त्याच्या मालकीचे असतात, असे ते समजतात. माझा आक्षेप आहे तो या गृहीताला.

गेल्या सत्रात मी आठवडाभर एका वहीत माझ्या वेळेचा जमाखर्च मांडला. महाविद्यालय, एस. टी.चा जाण्यायेण्याचा प्रवास, झोप, जेवणखाण, घरातली नेमून दिलेली कामे हे सारे वजा जाता अभ्यासाला रोज साडेतीन तास उरत होते. बेरीज वाईट नव्हती. परंतु ते साडेतीन तास सलग असे एकाही दिवशी मिळाले नाहीत. कधी दहा मिनिटे, कधी पंचवीस. मध्ये येत होता तो ‘जरा’! ‘अगं, जरा दुधाकडे बघ.’ ‘जरा दळण टाकून ये.’ ‘पाहुणे आलेत, जरा चहा ठेव.’ आपल्या भाषेतला हा मोठा फसवा शब्द आहे. बोलणाऱ्याला काम चिमूटभर वाटते. ऐकणाऱ्याचा मात्र अख्खा तास मोडतो. दूध पाच मिनिटांत उतरवून होते. पण भरताच्या रससूत्रात विभाव-अनुभावांपर्यंत पोचलेले मन एकदा उठले की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात!

माझा धाकटा भाऊ बारावीला आहे. तो पुस्तक घेऊन बसला की सारे घर चवड्यांवर चालते. ‘त्याला हाक मारू नका, अभ्यास करतोय.’ माझा त्याच्यावर राग नाही. तीच शांतता घरातल्या प्रत्येक शिकणाऱ्याच्या वाट्याला यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही एकट्या आमच्या घरची कथा नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात असे दिसले की, आपल्या घरातले बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ माझ्या अभ्यासाच्या वेळेएवढा! शिवाय ज्यांनी घरकामाला हातच लावला नाही, ते पुरुष या सरासरीत धरलेले नाहीत.

वडीलधारी मंडळी यावर म्हणतात, ‘पूर्वीच्या बायका नाही का सगळे सांभाळून शिकल्या?’ शिकल्या खऱ्या. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचाव्यात. घरातल्या बायकांची बोलणी सोसत त्या शिकल्या. पण त्यांना शिकवायला न्यायमूर्ती रानडे स्वतः वेळ देत होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. एकीची चिकाटी दाखवून दुसरीची वाट अवघड ठेवणे, हा कुठला न्याय?

मग करावे काय? मी स्वतःपुरते दोन नियम केले. पहिला, तुकड्यांत होणारी कामे तुकड्यांतच उरकायची. सनावळ्या, व्याख्या, लेखकांची नावे हे सारे एस. टी.च्या थांब्यावर पाठ होते. दुसरा, रोज एक सलग तास घरात उघडपणे मागून घ्यायचा. मी रात्री आठ ते नऊ हा तास मागितला. आईने आधी भुवया उंचावल्या. मग पाने घेण्याचे काम भावाकडे गेले. पहिल्या दिवशी मीठ वाढायचे राहिले, पण कोणी उपाशी झोपले नाही. त्या एका तासात जेवढे वाचून होते, तेवढे पूर्वी सबंध संध्याकाळीत होत नसे.

म्हणून मैत्रिणींनो, आणि विशेषतः मित्रांनो, वेळापत्रक टेबलासमोर चिकटवण्याऐवजी ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा आणि त्यात घरातल्या सर्वांची नावे घाला. ‘जरा’ कोणी कोणाला आणि केव्हा म्हणायचे, तेही एकदा बसून ठरवा. मी आईलाही तिच्या दिवसाचा हिशेब लिहून ठेवायला सांगितले होते. ती हसून म्हणाली, ‘लिहायला बसू केव्हा?’

आमच्या भिंतीवरच्या कागदात आता तिच्यासाठी एक तास काढायचा आहे. त्या तासात तिने काय करावे, हे मात्र कोणी सांगू नये.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला