दवाखान्याच्या बिलापाशी अपघात संपत नाही

कामावरच्या अपघाताचा ‘खरा खर्च’ ही पुस्तकी माणसांनी फुगवलेली बाब आहे, असे एका गृहस्थांनी राजुरात भर मेळाव्यात ठणकावून सांगितले. यंत्रमालकांना आणि कारखानदारांना सल्ला देणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस जखमी झाला की दवाखान्याचा खर्च येतो, तो मालक करतो. कायद्याने बसेल ती भरपाई देतो. वर सरकारी योजनेतून लाखभर रुपये मिळतात. हिशेब मिटला. यापलीकडे जो ‘छुपा खर्च’ सांगतात तो परदेशी पुस्तकातून उचललेला आकडा आहे. मजूर गाफील राहतो म्हणून बोट जाते. जोखमीचे पैसे त्याच्या रोजात धरलेलेच असतात. आणि सुरक्षेच्या नावाखाली खर्च वाढवला तर गावातला हडंबेवाला, म्हणजे मळणी यंत्राचा मालक, बुडेल.

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दारात हडंबा उभा असलेले पुष्कळ होते. ट्रॅक्टरचे हप्ते फेडता फेडता त्यांचाही जीव मेटाकुटीला येतो, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो या हिशेबावर. तो ऐकून निर्धास्त झालेला माणूस पुढच्या हंगामात कुणाचा तरी हात घालवणार, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढतो. जोखमीचे पैसे रोजात धरलेले असतात म्हणे. टोळीने मळणी उक्ती घेतली की पैसे सारखे वाटले जातात; यंत्राच्या तोंडाशी उभा असलेल्याला आणि लांब बसून पोती शिवणाऱ्याला एकच वाटा. जोखमीचे पैसे नेमके कुणाच्या वाट्यात धरले, ते त्यांनी दाखवावे. हडंबेवाला बुडेल म्हणे. पत्रा, चार वेल्ड आणि वेल्डिंगवाल्याचा अर्धा दिवस, एवढ्यावर बुडणारा धंदा डिझेलच्या पहिल्याच दरवाढीत बुडाला असता.

गाफीलपणाचा मुद्दा मात्र एका ओळीत सोडता येत नाही, कारण तो खोटा तर आहेच, शिवाय क्रूर आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रात्री अकरा वाजता शेतात जाऊन पाहावे. परतीच्या पावसाचे ढग भरून आलेले, गावात हडंबे मोजके, प्रत्येकाला आपली सुडी आजच मळून हवी. ट्रॅक्टरच्या दिव्याचा उजेड, त्यात भुशाचा धुरळा इतका की समोरचा माणूस दिसत नाही. माल टाकणारा सकाळपासून उभा आहे. दर पोत्यामागे ठरलेला, त्यामुळे थांबायचे नाव नाही. माल थोडा ओला असला की तोंडाशी गुंता अडकतो. तो पुढे ढकलायला हात जातो. गुंता सुटतो त्या क्षणी ड्रमचे दाते सगळा कवळा एकदम आत ओढतात आणि त्याबरोबर हातही ओढला जातो. या सबंध प्रसंगात गाफील कोण आहे? तो माणूस तर दिवसभर त्या तोंडावरून नजर हटवत नाही.

हे असे होते हे देशाला फार पूर्वी कळलेले आहे. गव्हाच्या मळणीत उत्तरेकडे कित्येक मजुरांचे हात गेले, तेव्हा १९८३ साली संसदेने खास धोकादायक यंत्रांचा कायदा केला. मळणी यंत्र कसे बनवावे, कसे विकावे आणि मजूर जखमी झाला तर भरपाई कशी द्यावी, हे सगळे त्यात आहे. भारतीय मानक ९०२० सांगते की माल टाकायचा पत्र्याचा उतार किमान ९० सेंटिमीटर लांब असावा आणि त्यातला ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. कारण साधे आहे : हात आत गेला तरी बोटे दात्यांपर्यंत पोचू नयेत. आमच्या भागातल्या जुन्या यंत्रांवरचे हे झाकण काढून ठेवलेले मी पाहिले आहे. झाकण असले की माल सावकाश जातो, तासाला पोती कमी पडतात. म्हणजे ज्याचे हात जातात त्याने झाकण काढलेले नसते, आणि ज्याने काढले त्याला गाफील म्हणायला कुणी तयार नाही.

आता मूळ मुद्दा. मालकाने दिलेले बिल हाच अपघाताचा खर्च, हे गृहीतक.

परदेशी पुस्तकाचा जो उल्लेख झाला ते पुस्तक हाइनरिश यांचे. ते अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत होते. १९३१ साली त्यांनी मांडले की अपघातात एक रुपया उघड खर्च होत असेल तर चार रुपये छुपा खर्च होतो. या प्रमाणावर नंतर पुष्कळ टीका झाली, त्यांची मूळ कागदपत्रे कुणाला तपासायला मिळाली नाहीत, हे सारे खरे आहे. गृहस्थांनी तेवढेच पकडले आणि छुपा खर्च नसतोच असे ठरवून टाकले. पण हाइनरिश यांनी मोजले काय होते? यंत्र बंद पडले तो वेळ, बाकीचे कामगार थांबले तो वेळ, मुकादमाचा चौकशीत गेलेला वेळ, बिघडलेला माल. सगळा खर्च मालकाचा. चाराचे प्रमाण खोटे ठरवले म्हणून मजुराच्या घरातला खर्च नाहीसा कसा होईल? तो त्या पुस्तकात कधी आलाच नव्हता. गृहस्थांनी ज्या हिशेबाचे खंडन केले तोही मालकाच्याच वहीतला होता.

मजुराच्या वहीतला हिशेब कसा असतो ते सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका बाईच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटे हडंब्यात गेली. वय तीस. गावाचे आणि मालकाचे नाव सांगत नाही, कारण तो मालक वाईट माणूस नव्हता. त्याने जीप केली, जालन्याला नेले, तिथून घाटी रुग्णालयात नेले, औषधपाण्याचा सगळा खर्च केला, वर दिवाळीला साडीचोळी पाठवली. मेळाव्यातल्या हिशेबाप्रमाणे इथे प्रकरण संपते.

प्रत्यक्षात ते इथून सुरू झाले. नवरा घाटीत तिच्या उशाशी बसून राहिला, त्याचेही रोज बुडाले. सोयाबीन संपते न संपते तोच कापूस वेचणी लागते, आणि बाईच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग या वेचणीतूनच येतो. तो हंगाम संपूर्ण गेला. पुढच्या वर्षी ती वेचायला गेली. कापूस कसा वेचतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. बोंडाच्या पाकळ्या सुकून काट्यासारख्या टोकदार झालेल्या असतात, त्यांतून अंगठा आणि पुढची दोन बोटे घालून कापूस एका हिसक्यात, पालापाचोळा न लागता ओढायचा असतो. वेचणीचा दर किलोवर. ज्या दोन बोटांवर हे काम चालते तीच गेली. सायंकाळी काट्यावर इतर बायांचे गाठोडे तिच्या दुप्पट भरायचे. दुसऱ्या वर्षी तिला कुणी टोळीत घेईना.

घरात भाकरी थापायची सोय राहिली नाही. म्हैस पिळता येईना, म्हणून म्हैस विकली, आणि गरजेने विकली म्हणून पडेल त्या भावाने विकली. दूध डेअरीत जायचे ते पैसे बंद झाले. बचत गटाचा हप्ता थकला, तो भरायला सावकाराचे काढले. थोरली मुलगी नववीत होती, ती चुलीपुढे बसली ती पुन्हा शाळेत गेली नाही. तिचे लग्न लवकर झाले. आता मला सांगावे, यातली कोणती रक्कम दवाखान्याच्या बिलात आहे? आणि यातली कोणती रक्कम परदेशी पुस्तकातून आलेली आहे?

‘कायद्याने बसेल ती भरपाई’ हे शब्द गृहस्थांनी फार सहज उच्चारले. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला आहे, यंत्रावर चालणाऱ्या शेतीकामातला मजूर धरलेला होता. ही गोष्ट आमच्याकडे शंभरातल्या पाच जणांना तरी माहीत असेल का, शंका आहे. त्यातल्या तक्त्यात एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची क्षमता २० टक्के घटली असे धरतात. महिना ८,००० रुपये मजुरी धरा. तिचे ६० टक्के म्हणजे ४,८०० रुपये. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार करून त्याचे २० टक्के काढले की १,९९,६६० रुपये होतात. ही रक्कम महिन्याभरात द्यायची, न दिल्यास १२ टक्के व्याज. त्या बाईला यातला एक रुपयाही मिळाला नाही, कारण तिने मागितला नाही, आणि मागता येतो हे तिला कुणी सांगितले नाही. जो सल्लागार मालकांना सल्ला देऊन पोट भरतो त्याने तरी मालकांना हे सांगितले होते का?

आणि ते २० टक्के तरी कुणाचे? बोटे गेलेली बाई दुकानात बसून पावत्या फाडत असती तर कदाचित पटले असते. वेचणीवाल्या बाईची निम्म्याहून जास्त कमाई त्या दोन बोटांत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच एका सुताराच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून तक्त्यातला आकडा बाजूला ठेवून न्यायालयाने त्याची क्षमता पूर्ण गेली असे मानले. माणूस काय काम करतो ते पाहून नुकसान ठरवा, असा त्याचा अर्थ. पन्नास वर्षे झाली. आमच्या गावांत तो निकाल अजून पोचायचा आहे.

सरकारी योजनेच्या लाखभर रुपयांचे म्हणाल, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेली ती योजना सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी आहे. मृत्यूला दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. चांगली योजना आहे. पण हडंब्यावर माल टाकायला जी माणसे येतात त्यांच्यात भूमिहीन किती असतात, ते मेळाव्यात टाळ्या वाजवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

हा खर्च कुणावर पडतो याचे आकडेही जगात आहेत. ब्रिटनमध्ये आरोग्य व सुरक्षा पाहणारे सरकारी कार्यालय दरवर्षी असा हिशेब मांडते. वेदनेचे मोल धरून त्यातला निम्म्याहून अधिक भार जखमी माणसावर आणि त्याच्या घरावर येतो, मालकाच्या वाट्याला साधारण पाचवा हिस्सा. हे अशा देशात, जिथे दवाखाना फुकट आहे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कामगार भरपाईच्या विम्यातून एकूण खर्चाचा चौथा हिस्साही निघत नाही असे आढळले. आपल्याकडे हडंब्यावरच्या मजुराला तर त्या विम्याचाही पत्ता नाही.

आमच्या भागाला हा वाद नवा नाही. ऊसतोडीवरून हाच वाद झाला तेव्हाही ‘पोरींना कामच करायचे नसते’ असे म्हणणारे भेटले होते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा कापतात, म्हणून बाया दुखणे अंगावर काढतात आणि शेवटी गर्भाशयच काढून घेतात, हे सांगितले तर ती अतिशयोक्ती वाटत होती. मग २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात पाहणी झाली : ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले. ज्यांनी अतिशयोक्ती म्हटले होते त्यांनी तेव्हा तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि आता तीच माणसे हडंब्याच्या बाबतीत पुन्हा तेच म्हणत आहेत. हे शेतापुरतेही नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले. तिथल्या भट्ट्यांवर परप्रांतातून आलेली मुले खूप आहेत. असा मुलगा जखमी होऊन गावी परतला की त्याच्या पुढच्या तीस वर्षांचा खर्च बिहारमधल्या कुठल्या तरी घरावर पडतो. जालन्याच्या वहीत तो कधी येत नाही.

मग करायचे काय? माझ्याकडे मोठी योजना नाही, पण मोजण्यापासून सुरुवात करता येईल. ग्रामपंचायतीत कामावरच्या अपघातांची एक वही ठेवावी. त्यात दवाखान्यातून सुटलेल्या दिवशीचा खर्च लिहावाच, पण त्याच घरी सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी पुन्हा जावे. कमाई किती उरली, जनावर विकले का, कर्ज किती झाले, पोर शाळेत आहे का, हे विचारून लिहावे. हे काम आशाताई किंवा बचत गटातली एखादी लिहिती बाई करू शकेल, आणि तिला त्याचे मानधन मिळावे. हंगामाआधी गावातल्या प्रत्येक हडंब्याचे झाकण मोजून पाहावे. मळणीच्या दरात पोत्यामागे दोन रुपये विम्याचे धरावेत आणि ते मळून घेणाऱ्या शेतकऱ्याने द्यावेत. मी शेतकरी आहे, माझ्या पोत्यांचे मी देईन. यंदा सोयाबीन काढणीच्या आधीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडणार आहे. त्या गृहस्थांना निमंत्रण धाडले आहे. त्यांनी त्यांचा हिशेब घेऊन यावे, मी त्या बाईला विचारून तिचा घेऊन येतो.