दोष बोक्याचा की आपल्या अज्ञानाचा?

"बोका घाण करतो, त्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून द्या," असा ठराव गतवर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या घरी झाला. मला तो अन्यायाचा वाटला, आणि आजही वाटतो. मांजर गेले तरी मुरलेली दुर्गंधी मागे राहतेच.

मूत्रातील युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. शिवाय मांजराच्या मूत्रातील फेलिनीन या द्रव्यापासून गंधकयुक्त उग्र वास निर्माण होतो. दमट हवेत तो पुन्हा जाणवतो. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. मूत्र ओले असतानाच जुन्या फडक्याने टिपून घ्यावे. मग व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून तेथे लावावे. त्यातील आम्ल अमोनियाला निष्प्रभ करते. वाळल्यावर खाण्याचा सोडा पसरून दुसऱ्या दिवशी झाडून घ्यावा. गोधडी धुऊन कडक उन्हात घालावी. मात्र शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने तिला आम्ल खाते. तेथे साबणाचे पाणी आणि सोडाच बरा. फिनेल टाळावे, ते मांजरास घातक ठरू शकते.

इतके करूनही बोका वारंवार, थेंब थेंब मूत्र टाकीत असेल, तर तो खोडकर नसून आजारी असण्याचा संभव आहे. त्यास विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

आमचा ठराव अखेर रद्द झाला. मुक्या जिवास हद्दपार करण्यापूर्वी थोडे कष्ट घेणे, हे आपले कर्तव्य नव्हे काय?