म्हणे, बदलून टाक!

गेल्या शनिवारी न्यू जर्सीत एका मित्राच्या बेसमेंटमध्ये दिवसभर गुडघ्यावर बसून होतो. कारण? पॅकमॅन. म्हणजे १९८० साली मिडवेनं अमेरिकेत आणलेलं ते उभं लाकडी कपाट, १९ इंची मॉनिटरसकट. पठ्ठ्यानं ते हौसेनं विकत घेतलं, घरी आणून बटण दाबलं, तर आवाज सुरू, स्क्रीन ठार काळी.

मी पोचायच्या आत निदान होऊन गेलं होतं. "अरे, ट्यूब गेली. एलसीडी मागवलाय. हे धूड रिसायकलिंगला."

"मीटर लावलास?"

"मीटर कशाला? बंद आहे ते दिसतंय की!"

आता याचंच मला डोक्यात जातं. हा माणूस ऑफिसात सीनियर आर्किटेक्ट आहे! पण त्याचा एकट्याचा दोष नाही म्हणा, आपली सगळी आयटी जमातच अशी झालीये. सर्व्हर अडला? रिस्टार्ट मार. लॅपटॉप रुसला? फॉरमॅट मार. का अडला, ते विचारायचं नाही. रिस्टार्टनं चालू झालं की तिकीट बंद, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वर या प्रकाराला आपण ट्रबलशूटिंग म्हणतो.

"बंद आहे" हे निदान नाही हो, ती तक्रार आहे. आवाज येतोय, म्हणजे गेमचा बोर्ड जिवंत आहे. मग अंधारात ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेकडे बघायचं. तिथे नारिंगी उजेड दिसतो का? बऱ्याच जुन्या चॅसींमध्ये या हीटरला वीज फ्लायबॅकमधून मिळते. (आपल्याकडचे टीव्ही मेकॅनिक ज्याला एलओटी म्हणायचे तोच.) म्हणजे मान उजळली तर अर्धं सर्किट आपोआप पास झालं, पुढे व्हिडिओ सिग्नल किंवा स्क्रीन कंट्रोल बघायचा. नाही उजळली तर मागे पॉवरकडे जायचं. दिवा बंद करून डोकावण्याइतकं साधं काम, आणि निम्मे संशयित बाद. यालाच आपण कोडमध्ये बायनरी सर्च म्हणतो आणि इंटरव्ह्यूत पोरांना छळतो!

आमच्याकडे मान काळी. मग फ्यूज. तो नजरेनं बघायचा नसतो, काढून मीटरवर तपासायचा. फ्यूज ठीक निघाला. उडालेला असता तर गोष्ट वेगळी. मग हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय का, हा पहिला प्रश्न. अशा वेळी जाडा फ्यूज घालून बघणारे महाभाग असतात, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पुण्यात आमच्या घरी येणारे मेकॅनिक काका फ्यूज उडवणारा टीव्ही आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे शंभरच्या बल्बमधून, लावायचे. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला की आत शॉर्ट. काकांना ओम्सचा नियम पाठ होता का, माहीत नाही. पण माझ्या मित्रापेक्षा ते नक्कीच बरे इंजिनीअर होते.

पुढे ट्रान्सफॉर्मर. यातल्या बऱ्याच मॉनिटरची चॅसी थेट मेन्सशी जोडलेली असते, म्हणून कपाटाच्या तळाशी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. मॉनिटर बाहेर काढून सरळ भिंतीच्या सॉकेटला लावून बघू, हा विचार मनात आला तर तिथेच उठून चहा प्यायला जावं. आम्ही मोजलं. मॉनिटरच्या प्लगवर १२० व्होल्ट व्यवस्थित येत होते. पण बोर्डावरच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर काहीच नाही! म्हणजे वीज दारापर्यंत येते, घरात शिरत नाही.

वायर काढली. जाड स्क्रूड्रायव्हरचं पातं क्लिपच्या वायरनं ट्यूबभोवतीच्या वेणीच्या तारेला जोडलं, एक हात खिशात ठेवला आणि अॅनोड कॅपखाली सरकवून ट्यूब डिस्चार्ज केली. टक्! तिथे चालू असताना वीस हजार व्होल्टच्या आसपास असतात, आणि प्लग काढल्यावरही त्यातले काही मुक्कामाला राहतात. फिल्टर कपॅसिटर रिकामा झालाय हेही मोजलं. मग बोर्ड उलटा केला. जिथे पॉवरचा कनेक्टर बसतो, त्या पिनेभोवती केसाएवढी गोल भेग. ड्राय सोल्डर! चाळीसेक वर्षं तापून-निवून सोल्डरनं हात टेकले होते.

मान्य, मान तुटून ट्यूबमध्ये हवा शिरली असेल तर एलसीडी लावा, मी अडवणार नाही. पण अशा रंगीत ट्यूब आता नव्यानं बनत नाहीत. चांगली ट्यूब फेकलीत की जगातून एक कमी झाली. आणि ती का फेकली? कारण दहा मिनिटं मीटर धरायचा कंटाळा!

दोन पिनांना नवं सोल्डर दिलं. बटण दाबलं. ट्यूब चरचरली, मान उजळली आणि निळा भूलभुलैया आला. कडा जरा थरथरतायत, कारण कपॅसिटर म्हातारे झालेत. ते सगळे बदलायला पुढच्या शनिवारी पुन्हा जायचंय. बंद केल्यावरही त्या भिंती काचेत पुसट दिसतात, इतकी वर्षं तेच चित्र फॉस्फरवर जळून उमटलंय.

एलसीडीचं खोकं जिन्यात न फोडता पडलंय. परत पाठवायची मुदत मंगळवारपर्यंत आहे, तेवढी आठवण करून दिलीये त्याला :)