मैत्रिणींनो, दुबईला जाऊ. पण पाहावयाचे काय?



हल्ली आपल्या महिला मंडळात, देवळाच्या स्वयंपाकघरात किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये चार जणी जमल्या की सहलीची गोष्ट निघते. पूर्वी ही गोष्ट रॉड्रिग्ज किंवा रियुनियनपर्यंत जाऊन थांबत असे. आता ती दुबईपर्यंत पोचली आहे. आपल्या बेटावरून थेट विमान आहे, प्रवास साडेसहा तासांच्या आसपासचा आहे, आणि आपले व तिथले घड्याळ एकच असल्यामुळे काटेही फिरवावे लागत नाहीत. आपल्या शाळांना मोठी सुट्टी लागते त्या दिवसांत तिथला कडक उन्हाळा संपून हवा सुखाची झालेली असते. म्हणून शिक्षिकांना तर हा बेत फारच सोयीचा वाटतो.

मैत्रिणींनी मिळून अशी सहल काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती कशी आखावी आणि तिथे जाऊन काय पाहावे, याचा विचार आपण पुरेसा करीत नाही. त्याविषयी आज लिहावयाचे आहे.

प्रथम जाण्याविषयी. आपल्या घरातील बायका प्रवास करीत नाहीत असे नाही. आई मुलाच्या लग्नाच्या खरेदीसाठी मुंबईला जाते. काकी काकांच्या ऑपरेशनसाठी चेन्नईला जाते. आजी यात्रेच्या कंपनीबरोबर काशी-पंढरपूर करून येते. परंतु या प्रत्येक प्रवासात ती कोणाची तरी सोबत म्हणून गेलेली असते. तिचे लक्ष औषधांच्या वेळेकडे, पाहुण्यांच्या मानपानाकडे आणि सामानाच्या नगांकडे असते. एखादी भिंत, एखादा दरवाजा, एखादी होडी दहा मिनिटे उभे राहून बघावी आणि शेजारच्या मैत्रिणीला विचारावे, "हे असे का बांधले असेल ग?" एवढी सवड तिला कधी मिळत नाही. पन्नाशीला आलेल्या बाईने ही सवड एकदा तरी मागून घ्यावी. यात चैन कसली? मुलांना आपण शाळेच्या सहलीला पाठवतो, त्याला शिक्षणाचा भाग म्हणतो. आईचे शिक्षण संपले असे कोणी ठरविले?

"लोक काय म्हणतील" हा प्रश्न घरात येईल. त्यावर वाद घालण्यापेक्षा घरच्यांपुढे एक व्यवस्थित लिहिलेला कागद ठेवावा. किती दिवस, कोणत्या हॉटेलात, कोण कोण बरोबर, एकूण खर्च किती आणि तो कसा जमविला, हे त्यात असावे. जे काम नीट आखलेले दिसते, त्याला विरोध करणे कठीण जाते.

आता काय पाहावे, याविषयी. आपल्याकडून दुबईला गेलेली मंडळी परत येतात तेव्हा उंच इमारतीखाली काढलेले फोटो आणि भरलेल्या सुटकेसी घेऊन येतात. उंच इमारत जरूर पाहावी. कपडे आणि अत्तरही घ्यावे. पण चार दिवसांपैकी चारही दिवस मॉलमध्ये घालविले, तर आपण दुसऱ्या देशात जाऊन आलो असे म्हणता येईल काय?

संयुक्त अरब अमिरात हे राष्ट्र २ डिसेंबर १९७१ रोजी स्थापन झाले. मात्र तिथली समुद्रकाठची गावे पुष्कळ जुनी आहेत. माझी सूचना अशी की मैत्रिणींनी सहलीचा मुख्य भाग या जुन्या गावांना द्यावा: शारजा, दुबईची खाडी, आणि जमल्यास रास अल खैमामधील अल जझीरा अल हमरा.

शारजाचा जुना किल्ला १८२३ साली बांधला गेला. १९६९ मध्ये तो पाडावयास सुरुवात झाली. त्या वेळी कैरोत शिकत असलेले शेख सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी धावतपळत परत आले. तोवर एक बुरूज तेवढा शिल्लक होता. तो त्यांनी वाचविला आणि दारे, खिडक्या, मोजमापे सांभाळून ठेवली. १९७२ साली ते शारजाचे शासक झाले आणि पुढे तो किल्ला पुन्हा उभा राहिला. आज तिथे संग्रहालय आहे. एका विद्यार्थ्याने वेळेवर धाव घेतली म्हणून हे घडले. जवळच नाबूदा नावाच्या मोत्यांच्या व्यापाऱ्याचा जुना वाडा आहे. त्याचा व्यापार हिंदुस्थानपर्यंत चालत असे.

दुबईच्या खाडीकाठी अल फहिदी नावाची वस्ती आहे. इराणच्या बस्तक गावाकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी तिथे समुद्रातील प्रवाळाच्या दगडांची घरे बांधली आणि त्यांवर वारा पकडणारे उंच मनोरे उभारले. विजेचा पंखा नव्हता तेव्हा वरचा वारा या मनोऱ्यातून खाली खोलीत उतरत असे. या वस्तीचा बराच भाग पाडला गेला होता. उरलेला भाग १९८०च्या दशकाच्या शेवटी लोकांनी आवाज उठविल्यामुळे वाचला. तिथून पायी चालत गेले की अब्रा नावाच्या साध्या होड्यांचा धक्का लागतो. एक दिरहम देऊन पलीकडे देइराच्या मसाल्यांच्या बाजारात उतरता येते.

अल जझीरा अल हमरा हे गाव १९६८ च्या सुमारास रिकामे झाले. लोक अबुधाबीकडे गेले. घरे, मशिदी, अंगणे तिथेच राहिली. लोक तिथे भुतांच्या गोष्टी सांगतात. पण त्या गावाची खरी गोष्ट मोत्यांची आहे, आणि ती आपल्यासारख्यांनी ऐकण्याजोगी आहे.

तेल निघण्याआधी या किनाऱ्याचे पोट मोत्यांवर चालत असे. दर वर्षी उन्हाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर, पुरुष होड्यांतून समुद्रात जात. नाकाला चिमटा, पायाला दगड आणि कमरेला दोरी एवढ्यावर पाणबुड्या तळाशी उतरे आणि वरचा माणूस दोरी ओढून त्याला वर काढी. हंगामापूर्वी घरखर्चासाठी उचल मिळे. ती क्वचितच फिटे, आणि बाप मेला तर कर्ज मुलावर येई. चार महिने गावात बायका, मुले व म्हातारी माणसे राहात. सर्व घर बाईच्या अंगावर असे, आणि होड्या परत येण्याच्या दिवशी ती किनाऱ्यावर उभी राही.

भगिनींनो, ही हकिकत वाचताना आपल्याला पोर्ट लुईची आठवण होत नाही काय? मुंबई बंदरातून आलेल्या आपल्या पूर्वजांनीही उचल घेतली, करारावर अंगठा दिला आणि ते आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले. त्यांच्यात बायकाही होत्या. कोकणात मागे राहिलेल्या बायकाही समुद्राकडे पाहात राहिल्या असतील. आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा झाला, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. दुसऱ्याच्या घाटावर जाऊन उभे राहिले की आपला घाट अधिक चांगला समजतो, असे मला वाटते.

शिवाय तो किनारा आपल्याला अगदी परका नाही. तिथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. दुबईत १९०९ साली टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची होती. १९६६ पर्यंत तिथल्या बाजारात हिंदी रुपयाच चालत असे. शेवटच्या काही वर्षांत त्याच्या नोटा आखातासाठी वेगळ्या छापल्या जात, एवढाच फरक. मग मोत्यांचा धंदा बुडाला कसा? जपानच्या तोबा नावाच्या समुद्रकाठच्या गावात मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढविण्यात यश मिळविले. पुढे १९२०च्या दशकात असे मोती जगाच्या बाजारात आले, आणि १९२९ नंतर मंदीनेही घाव घातला. एका दूरच्या गावातील शोधाने दुसऱ्या किनाऱ्यावरील चुली थंड केल्या. बीटच्या साखरेने आपल्या उसाचा भाव पाडला ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. तिथे राहणाऱ्या दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ परदेशातून आलेली आहेत. अब्रा चालविणारा, हॉटेलची खोली झाडणारी, उन्हात इमारत बांधणारा, यांतील पुष्कळ जण आपल्याकडील मजुरांप्रमाणेच करारावर आलेले असतात आणि पगार घरी पाठवतात. आपण करारी मजुरांची नातवंडे-पणतवंडे आहोत. त्यांच्याशी अरेरावीने बोलणे आपल्याला शोभणार नाही. हिंदीत दोन शब्द विचारले, गाव विचारले, तर त्यांनाही बरे वाटते आणि आपल्याला पुस्तकात न मिळणारी माहिती मिळते.

आता आखणीविषयी थोडे, कारण चांगल्या मैत्रिणींची भांडणे बहुधा पैशावरून व वेळेवरून होतात.

पाच-सहा जणींहून अधिक नसाव्यात. पैसा भिशीने जमवावा. आपल्या गावात ज्याला लोक 'सिट' म्हणतात तीच पद्धत, परंतु पैसे कोणी मध्येच न उचलता सहलीसाठीच राखावेत, आणि माणसे अगदी ओळखीची असावीत. जिचे उत्पन्न सर्वांत कमी, तिला झेपेल तेवढा हप्ता ठरवावा. मोठे हॉटेल परवडणारीने साध्या हॉटेलात राहिले तर बिघडत नाही. पण साधे परवडणारी मागे राहिली, तर ती मैत्रिणींची सहल राहिली नाही. जी विधवा आहे, जी एकटी आहे, तिला आधी विचारावे. तिला सहसा शेवटी विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही.

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. व्हिसाचे नियम व तिथली परिस्थिती निघण्यापूर्वी नव्याने विचारून घ्यावी. आपली नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत, कारण काही औषधांच्या बाबतीत तिथला कायदा कडक आहे. अनोळखी माणसाचा, विशेषतः बायकांचा, फोटो विचारल्याशिवाय काढू नये. खांदे व गुडघे झाकणारे कपडे जुन्या वस्तीत बरे. दुबईच्या मेट्रोत बायका व मुलांसाठी वेगळी जागा असते, तिचा उपयोग करावा. उपवासाची व शाकाहाराची चिंता नको. बर दुबईत आपले जेवण मिळते. देवदर्शनही घडते. जबल अलीचे हिंदू मंदिर २०२२ मध्ये आणि अबुधाबीचे मोठे मंदिर फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडले.

दिवसाला दोनच ठिकाणे ठेवावीत. सकाळी एक, संध्याकाळी एक, दुपारी विश्रांती. प्रत्येकीने एका ठिकाणाची माहिती आधी वाचून यावी आणि तिथे इतर जणींना मराठीत सांगावी. हे काम वाटून दिले की जिला "मला काही येत नाही" म्हणण्याची सवय आहे, तीही तयारी करते. शाळेत मी हे अनेकदा पाहिले आहे. परत आल्यावर बैठकेत किंवा मंडळात मुलांसमोर एक संध्याकाळ या सहलीविषयी बोलावे. आई किंवा आजी नकाशावर बोट ठेवून काही समजावून सांगते आहे, हे आपल्या मुलींनी पाहिले पाहिजे.

पुरुष वाचकांना एकच विनंती. घरातील बाईने असा कागद आणून दाखविला, तर "जा" म्हणण्यापूर्वी "आम्ही काय खाऊ?" असे विचारू नका. पाच दिवसांचे जेवण ही मोठी समस्या नव्हे.

मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय कोणीतरी मांडावा. पहिला हप्ता ठरवावा, नावे लिहावीत, आणि यादीत ज्या बहिणीचे नाव राहून गेले आहे तिच्या घरी त्याच आठवड्यात दोघींनी जाऊन यावे.